उजवी कूस

काकू आत आल्या त्या भिंतीला हात लावतच. खुर्चीत बसताना सगळं अंग वळवलं, मान मात्र ताठ. चक्करेच्या रुग्णांना फिजिओथेरपी देते, त्यामुळे ही चाल मला दारातच कळते. वय ६१, दोन वर्षांतली त्यांची ही चौथी खेप. आधीच्या तिन्ही वेळी बीपीपीव्हीच, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी चक्कर, होतं: उजव्या आंतरकर्णातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून मागच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेले. एपली पद्धतीने डोकं टप्प्याटप्प्याने वळवून ते बाहेर काढले होते आणि दर वेळी ‘साधा आजार आहे, काळजी करू नका’ असं सांगून मी त्यांना घरी पाठवलं होतं.

या वेळी त्यांनी पिशवीतून वही काढली. चार तारखा आणि मधली अंतरं लाल शाईत. १४ महिने, ६ महिने, ३ महिने.

“डॉक्टर, मी आयुष्यभर गणित शिकवलंय. हे कुठे चाललंय ते मला दिसतंय. आणि आता ते पसरलंय. आधी फक्त उजव्या कुशीवर वळलं की फिरायचं, आता दोन्ही कुशींवर फिरतं. तीन आठवडे झाले, मी खुर्चीत बसून झोपतेय.”

तीन आठवडे खुर्चीत! आधीच्या तीन खेपांत मी त्यांना झोपेबद्दल कधी विचारलंच नव्हतं. चाचणी, उपचार, पुन्हा चाचणी, झालं. याचं मला फार वाईट वाटलं.

त्यांना मेंदूची भीती होती, म्हणून ते आधी पाहिलं. दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, हातपाय बधिर होणं, नवी डोकेदुखी, ऐकू कमी येणं यातलं काही नव्हतं. चक्कर फक्त कूस बदलल्यावर यायची आणि मिनिटाच्या आत थांबायची. मग डिक्स-हॉलपाइक चाचणी केली: मान ४५ अंश उजवीकडे वळवायची आणि झटकन आडवं करायचं. नेहमी इथे काही सेकंद थांबून डोळे गोल फिरल्यासारखे उडायचे. या वेळी ते गोल फिरणं दिसलं नाही.

उताणं झोपवून डोकं नुसतं उजवीकडे वळवलं, आणि काकूंनी माझं मनगट गच्च धरलं. डोळे आडवे, जमिनीच्या दिशेने झटके देत होते, जोरात. डावीकडे वळवल्यावरही झटके जमिनीकडेच, पण कमी. म्हणजे या खेपेला कण आडव्या नळीत शिरले होते, आणि तेही उजव्याच कानात.

चक्कर ओसरल्यावर मी त्यांच्या वहीत ती नळी काढून दाखवली. आडव्या नळीत कण असले की डोकं कुठल्याही बाजूला वळवा, ते घरंगळतात आणि आतला द्रव हलवतात. बिघडलेल्या कानाच्या बाजूला जोरात, दुसऱ्या बाजूला हळू. त्यामुळे दोन्ही कुशींवर गरगरतं, तरी बिघाड एकाच कानात असतो. “पसरलेलं नाही काकू. तेच कण, वाट दुसरी.”

त्या बराच वेळ चित्राकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “आणि अंतरं?”

इथे खोटा धीर द्यायचा नव्हता. बीपीपीव्ही पुन्हा होतं, पाचेक वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना होतं, हे मी स्पष्ट सांगितलं. पण तीन आकड्यांवरून चौथा काढता येत नाही, हे त्यांनाच माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. या आजाराने बहिरेपण येत नाही, अर्धांगवायू होत नाही, आणि तो परत आला तरी बहुतेक वेळा तितक्याच सहज निघतो. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्यायला सांगितलं. दक्षिण कोरियातल्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ते कमी असलेल्यांना पूरक मात्रा दिल्यावर पुन्हा चक्कर येण्याचं प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटलं होतं. चक्करेच्या गोळ्या त्या कित्येक महिने घेत होत्या. गोळीने कण हलत नाहीत, आणि अशा काही गोळ्या फार दिवस घेतल्या तर मेंदूचं तोल सावरायला शिकणंच लांबतं. त्याबद्दल लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायला सांगितलं.

उपचाराला पाच-सात मिनिटं लागली. उताणं, मग डोकं आणि अंग ९०-९० अंशांनी डावीकडे, पालथं, पुढे पूर्ण वळसा. प्रत्येक टप्प्यावर चक्कर थांबेपर्यंत थांबायचं. दुसऱ्या फेरीनंतर डोळे शांत राहिले.

चालताना जो तोल जात होता, त्यामागे मला कणांपेक्षा आखडलेली मान आणि धास्ती जास्त दिसली. मान हळूहळू वळवण्याचे व्यायाम लिहून दिले. मी वेळ संपली म्हणून उठणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “एकदा माझी मी झोपून बघू का?”

त्या स्वतःहून आडव्या झाल्या. कठडा धरला आणि उजव्या कुशीवर वळल्या, डोळे मिटून. मी पुढच्या रुग्णाला थांबायला सांगून आले, तरी त्या तशाच होत्या. कठड्यावरचा हात सुटला होता.

जाताना त्यांनी वही उघडून चौथ्या तारखेपुढे लिहिलं: उजवा कान, आडवी नळी.