कडेला दाते असलेले काडतूस

जुन्या धातुवस्तूंचे जतन करणे हा माझा व्यवसाय आहे. गेल्या जुलैत कळव्याहून नव्वदीच्या एक आजी नातवाला घेऊन ठाण्यात चरईतल्या माझ्या कार्यशाळेत आल्या. नातवाने बिस्किटांच्या डब्यातून पितळी नळीचे, आखूड आणि रुंद तोंडाचे एक पिस्तूल काढले आणि आजोबांची ही आठवण दिवाळीपूर्वी लखलखीत करून हवी, असे सांगितले.

ते व्हेरी पिस्तूल होते. एडवर्ड व्हेरी या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने १८७७ च्या सुमारास तयार केलेल्या संकेतपद्धतीवरून हे नाव पडले. यातून गोळी नव्हे, तर जळता तारा सुटतो. स्ट्राँशियमच्या क्षारांनी तो लाल, बेरियमच्या क्षारांनी हिरवा आणि मॅग्नेशियमने लख्ख पांढरा जळतो. तोफगोळ्यांनी टेलिफोनच्या तारा तुटल्या की आघाडीवरच्या पायदळाला मागच्या तोफखान्याकडे मदत मागण्यासाठी अनेकदा हाच मार्ग उरे, आणि शत्रूला खुणा उमगू नयेत म्हणून ठरलेले रंग वरचेवर बदलले जात. दुसऱ्या महायुद्धात जखमींना घेऊन परतणारी बॉम्बफेकी विमानेही लाल तारा सोडून आधी उतरू देण्याची विनंती करीत. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले, एवढेच नातवाला ठाऊक होते.

नळी वर्षानुवर्षे चिंचेने घासलेली होती आणि ब्रिटिश सरकारी मालकीची बाणाची खूण जेमतेम बोटाला लागत होती. मला फार वाईट वाटले, कारण काळवंडलेले पितळ उजळता येते, झिजलेली खूण मात्र परत आणता येत नाही.

तेवढ्यात, दृष्टी जवळजवळ गेलेल्या आजींनी डब्यात हात घालून एक जाडजूड काडतूस काढले आणि त्याच्या बुडाच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले. “ह्याला दातं हायेत बघ. अंधारात रंग दिसायचा न्हाई, मग हे असं चाचपून वळखायचे, म्हणायचे.” आजींचे म्हणणे अगदी खरे होते, रात्री दिवा न लावता रंग ओळखता यावा म्हणून अशा काडतुसांच्या कडा पूर्ण दातेरी, अर्ध्या दातेरी किंवा गुळगुळीत ठेवीत. परंतु माझे लक्ष बुडाच्या मधोमध असलेल्या, ठोका बसताच आतली दारू पेटवणाऱ्या टोपीकडे गेले होते. तिच्यावर ठोका पडल्याची खूण नव्हती. काडतूस जिवंत होते.

“आजी, हात न हलवता ते माझ्याकडे द्या,” असे म्हणून मी ते अलगद घेतले, वाळूच्या घमेल्यात ठेवले, दोघांना रस्त्यावर नेले आणि पोलिसांना कळवले. ओल लागलेली जुनी दारू कशी वागेल याचा भरवसा नसतो, आणि पेटलेले मॅग्नेशियम पाण्याने विझत नाही, उलट भडकते. असा डबा या घरात अनेक वर्षे देवघराच्या फळीवर, समईपासून हातभर अंतरावर होता.

बॉम्बशोधक व नाशक पथकाने काडतूस नेले. पिस्तूलही पंचनामा करून ताब्यात घेतले गेले. घासून घासून काडतुसावरचा रंगाचा पट्टा पुसला गेला होता, म्हणून पंचनाम्यात ‘रंग अस्पष्ट’ असे लिहिले गेले. त्यापुढे ‘बुडाच्या कडेला दाते आहेत’ एवढे शब्द घालावेत, अशी मी विनंती केली. हवालदारांनी ते लिहिले आणि आजींना वाचून दाखवले.