पी-फोर अपडेट: थंडीत न उठणारं मशीन आज पहिल्याच बटणाला उठलं

आज सकाळी पावणेसातला जुन्या पेंटियम ४ संगणकाचं बटण दाबलं आणि पहिल्याच दमात 'पिप' वाजलं. तीन आठवड्यांनी! चहा गार झाला, पण मी जागचा हललो नाही. सुरू होतानाची त्याची स्वतःची तपासणी (पोस्ट) संपेपर्यंत बघत बसलो.

मागचं वाचलेल्यांना मशीन माहीत आहे: ८४५ चिपसेटचा, सॉकेट ४७८ चा बोर्ड, १ जीबी रॅम आणि एकाच डिस्कवर विंडोज ९८ एसई व डेबियन १२ (लिनक्स). रॅम ५१२ एमबीच्या वर गेली की ९८ जो गळा काढतं, ते दुखणं व्हीकॅशेत (९८ च्या डिस्क-कॅशेच्या सेटिंगमध्ये) मॅक्सफाइलकॅशेची मर्यादा टाकून मिटवलं होतं. ग्रबही (सुरुवातीला दोन्हींपैकी कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा) नीट बसला होता. आता फक्त काकांच्या डीटीपीच्या (छपाईसाठी मांडलेल्या मजकुराच्या) फाइली उघडायच्या, असं वाटत असताना गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात थंडी पडली आणि मशीन उठेना.

सकाळी बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारून थांबायचा. आठ-दहा वेळा दाबल्यावर कधीतरी सुरू व्हायचं. दुपारी मात्र एका बटणात. सोलापुरात मशीन बिघडलं की पहिला संशय उन्हावर जातो. मेमध्ये ४२-४३ डिग्री सोसणाऱ्या माणसाला थंडीवर संशय घ्यायचं सुचतच नाही. म्हणून मी आधी प्रोसेसर थंड ठेवणारा हीटसिंक काढला. शेजारी पॉवरलूम आहेत, त्यामुळे पात्यांमध्ये कापसाची अक्षरशः गादी बसली होती. ती काढली, नवी पेस्ट लावली. फरक शून्य. बायोसचा सेल बदलला. तारीख टिकू लागली, पण मशीन उठलं नाही.

मग बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग. प्रोसेसरजवळचे दोन ३३०० मायक्रोफॅरडचे डोक्यावर फुगलेले दिसले. त्या काळातल्या बोर्डांचा हा रोग आपल्या सगळ्यांना पाठ आहे. इथल्या नवी पेठेत विचारलं तर ८५ डिग्रीपर्यंत टिकणारेच मिळाले, तेही साधे. माझं मत ठाम आहे: प्रोसेसरच्या पुरवठ्याला लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) आणि १०५ डिग्रीच हवेत, नाहीतर सोल्डरचा डाग देण्याचे कष्ट फुकट. मित्राला पुण्यात बुधवार पेठेत पाठवलं आणि संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं माल आला. बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, अर्धा फेरा आणि शांत.

इथं मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सुटा करून टेबलावर घेतला आणि जांभळ्या तारेवर मीटर लावला. मशीन बंद असतानाही जिवंत राहणारा हा ५ व्होल्टचा स्टँडबाय. ४.७५ ते ५.२५ च्या आत असायला हवा. पहाटे आकडा आला ४.२! ताईचा हेअर ड्रायर मागितला, मागच्या जाळीतून दोन मिनिटं गरम हवा सोडली आणि आकडा हळूहळू चढत ४.९ वर गेला. मग लगेच बटण दाबून पाहिलं तर मशीन उठलं. त्या क्षणी सगळं उमगलं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटात द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं तो आटत जातो आणि जो उरतो तो थंडीत आणखी सुस्तावतो, म्हणजे आतला रोध वाढतो. उन्हाळ्यात तोच कपॅसिटर कसाबसा काम भागवतो. म्हणजे मारलं उन्हानंच, पण उघडं पाडलं थंडीनं.

दोषी निघाला स्टँडबायच्या आउटपुटवरचा १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा. डोकं अगदी सपाट, दिसायला नवा! टेस्टरवर ३८० मायक्रोफॅरड भरला आणि ईएसआर २ ओहमच्या वर. फुगलेला तोच वाईट, हे मी आता मानणार नाही. त्याच्या जागी १६ व्होल्टचा टाकला. कोणी हे करणार असेल तर एक सांगतो: घरातल्या २३० व्होल्ट एसीचं डीसी झालं की ३२५ व्होल्टच्या आसपास जातं आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये बसून राहतं. रेझिस्टर लावून उतरवा, मीटरनं खात्री करा, मगच बोट आत घाला.

आज ९८ मध्ये काकांची २००४ ची लग्नपत्रिका उघडली. 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' अक्षर न् अक्षर जागेवर, जोडाक्षरं शाबूत. मी काकांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ही बॉर्डर मीच काढलेली की रे!" ९८ चा आधार २००६ मध्येच संपला, म्हणून त्याला नेट देणार नाही. पण त्या फाइलींचं घर तेच आहे आणि ते पाडायचं नाही.

बेत असा होता की आता डिस्क काढून सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड लावायचं. लिहिता लिहिता विचार बदलला. आधी मजकूर बाहेर काढतो. डेबियनवर पायथॉनची छोटी स्क्रिप्ट करायची: जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) ती नंतर येते. रफार उलटा, तिकडे नंतर आणि इकडे आधी. नुसता तक्ता पुरणार नाही, अक्षरगट उचलून जागा बदलाव्या लागतील. 'निर्मिती' आणि 'कार्तिकी' हे दोन शब्द बरोबर आले की मी पुढे जाईन. डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलरच मिळत नाही, त्यामुळे आहे ती १२ ची डिस्क जशीच्या तशी जपून ठेवली आहे. दुसरी प्रतही काढणार.

आज रात्री कॅबिनेट खिडकीखाली, खिडकी उघडी ठेवून. पहाटे साडेपाचला पुन्हा बटण दाबतो, जांभळ्या तारेचा आकडा लिहून टाकतो.