टोल्यूईनचा थर रंगेचना

सोन्याचे 22 अणू, भोवती 18 ग्लुटाथायॉन (एक छोटा पेप्टाइड रेणू): असा हा नॅनोक्लस्टर, म्हणजे अणूंचा इवलासा पुंजका. यूव्ही टॉर्चखाली त्याचं पाण्यातलं द्रावण लाल चमकतं, पण मिणमिणतं. क्वांटम यील्ड (शोषलेल्या दर शंभर फोटॉनमागे किती प्रकाश म्हणून परत येतात) जेमतेम 8 टक्के. वरचं लिगँडचं, म्हणजे ग्लुटाथायॉनचं, आवरण वळवळत राहतं आणि शोषलेली बरीच ऊर्जा उष्णतेत वाया जाते. यावरचा उपाय 2015 मध्येच छापून आलाय: टेट्राऑक्टिलअमोनियमसारखा जाडजूड धन आयन ग्लुटाथायॉनच्या कार्बॉक्सिलेटशी (ऋण भार असलेल्या आम्ल गटाशी) जोडायचा. क्लस्टर पाण्यातून टोल्यूईनमध्ये (पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात) जातो, आवरण आखडतं, यील्ड 60 टक्क्यांच्या पुढे. गाभ्याला हातही लावायचा नाही.

क्लस्टर बनवणं, धुणं सगळं सुरळीत झालं. मग अडलो ते तीन आठवडे.

खाली पाणी, वर टोल्यूईन. ढवळतोय, थांबतोय, टॉर्च मारतोय. वरचा थर पाण्यासारखा स्वच्छ! चिडून जोरात हलवलं तर दुधाळ इमल्शन झालं आणि ते बसायलाच एक दिवस गेला. (हलवू नका, मंद ढवळा.) टेट्राऑक्टिलअमोनियमचं मीठ नवीन मागवलं, प्रमाण दुप्पट केलं, टोल्यूईनची बाटली बदलली. क्लस्टरच बिघडलाय म्हणून दोनदा नव्याने बनवला. शेवटी एका ज्युनिअरने सहज विचारलं, "पीएच किती आहे?" मी मोजलाच नव्हता. तीनच्या खाली! तिथे कार्बॉक्सिलवर पुरेसा ऋण भारच नाही, मग धन आयन धरणार कशाला? कृतीत पीएच 9 करण्याचा उल्लेख अर्ध्या ओळीत होता. ज्यावर सगळं अडतं ते अर्ध्या ओळीत का लिहितात, हा राग अजून गेलेला नाही. ती ओळ मीच उडवून वाचली, हे खरं असलं तरी.

थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड घालून 9 वर आणलं. पाणी फिकं पडत गेलं आणि वरचा थर रंगला. टॉर्च लावली आणि मोठ्याने हसलो.

आणि हो, यील्ड मोजताना: द्रावणाचं शोषण 0.1 च्या खाली ठेवा. तुलनेचं प्रमाण द्रावण पाण्यात असेल तर पाणी आणि टोल्यूईनच्या अपवर्तनांकातला फरक हिशेबात धरा, नाहीतर यील्ड सुमारे पाचव्या हिश्शाने कमी दिसतं. 365 नॅनोमीटरने उत्तेजित केलंत तर बरोबर दुप्पट तरंगलांबीवर, 730 ला, उपकरणामुळे खोटं शिखर येतं. लाँगपास फिल्टर (आखूड तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा) लावा. मी आधी त्यावरही खूश झालो होतो.

माझा आकडा छापलेल्या 60 पर्यंत पोचला नाही. पण आता टॉर्च लावायला खोलीतला दिवा घालवावा लागत नाही.