आठ भेटी आणि दर आठवड्याची एक बैठक

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत "मला नैराश्य आलंय" असं म्हणत कुणी येत नाही. अंग दुखतं, झोप लागत नाही, भूक मेली, डोकं जड राहतं, असं सांगतात. फार तर "टेन्शन आहे" म्हणतात. केसपेपरवर वेदनाशामक आणि बी-कॉम्प्लेक्स लिहून मिळतं आणि पंधरा दिवसांनी तीच व्यक्ती पुन्हा त्याच रांगेत उभी असते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना असल्याचं दिसलं. एवढ्या लोकांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत आणि लवकर होणारही नाहीत.

गोव्यात 'संगाथ' या संस्थेने दुसरी वाट धरली. मानसिक आरोग्याचं कोणतंही व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना समुपदेशक म्हणून तयार करून १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. नैराश्य किती तीव्र आहे ते मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर १५ किंवा अधिक गुण असलेले ४९५ जण चाचणीत होते. काहींना डॉक्टरांची नेहमीची सेवा मिळाली, काहींना त्यासोबत समुपदेशकाच्या आठवड्याला एक अशा सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष आले तेव्हापासून 'आशाताईंना प्रशिक्षण द्या' हे वाक्य प्रत्येक आराखड्यात दिसतं. त्या भेटी नीट होण्यामागे जे दर आठवड्याचं काम होतं, ते मात्र फारसं कुणी उचलत नाही.

आधी प्रश्नावली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा मिनिटांचं काम, पण ते बिघडतं फार सहज. "काही करण्यात रस वाटत नाही का?" असं विचारलं की घर सांभाळणारी बाई म्हणते, "कामं तर करावीच लागतात," आणि कागदावर शून्य पडतं. तिथे पुढे विचारावं लागतं: "कामं होतात हो मावशी, पण करताना पूर्वीसारखं बरं वाटतं का?" 'दोन आठवडे' हा शब्दही हवेत राहतो. "मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत" म्हटलं की माणूस खरंच दिवस मोजतो. आणि सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असेल तर ती प्रश्नावली भरूच नये. खोली नसेल तर लसीकरण नसलेल्या दिवशी तीच खोली मागून घ्यावी. पडद्याआडून सगळं ऐकू येतं.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. विचारणाऱ्याला तोच जड जातो, मग आवाज खाली जातो किंवा "तसं काही नाही ना?" असा नकार सुचवणारा प्रश्न येतो. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती खोटी आहे. सरळ विचारावं. होकार आला तर काही ठरवलंय का, घरात कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा आहे का, हे तिथेच विचारायचं. त्या व्यक्तीला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यायचं आणि तिला विश्वासात घेऊन घरातल्या एखाद्या माणसाला औषधं-कीटकनाशकं कुलपात ठेवायला सांगायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो लिहून द्यावा, पण त्यावर सोपवून मोकळं होऊ नये.

या भेटींत चालतं ते उपदेशाहून वेगळं काम. मन उदास झालं की माणूस गोष्टी टाळतो, टाळल्याने आनंदाच्या आणि जमल्याच्या जागा कमी होतात, आणि उदासी आणखी वाढते. हे चक्र कागदावर काढून दाखवायचं आणि ते एका लहान कृतीने कुठेतरी तोडायचं. कृती लहान म्हणजे किती? "रोज फिरायला जा" हे चालत नाही. "मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळचा चहा झाला की देवळापर्यंत जाऊन यायचं, पाऊस असेल तर पडवीत बसून शेजारणीला हाक मारायची" हे चालतं. वहीत दिवसाला एक ओळ: काय केलं, आधी मन कसं होतं, नंतर कसं. लिहिता न येणाऱ्यांसाठी तीन चेहरे काढलेले असले तरी पुरतं. कृती झाली नाही तर नवा सल्ला देऊ नये. नेमकं कुठे अडलं ते शोधावं. पुष्कळदा कृती माणसाने निवडलेलीच नसते, समुपदेशकाने सुचवलेली असते.

आता दर आठवड्याच्या त्या बैठकीबद्दल. गोव्यात समुपदेशक संमती घेऊन भेटींचं ध्वनिमुद्रण करत, आठवड्यातून एकदा एकत्र बसून एखादी भेट ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर गुण देत. पुढे हे गट समुपदेशकच चालवू लागले. प्रशिक्षणात सगळ्यांना सगळं समजलेलं असतं. महिन्याभरात मात्र जुनी सवय परतते: तीस मिनिटांपैकी वीस मिनिटं समुपदेशकच बोलतो, "धीर धरा, मुलांकडे बघा" सुरू होतं. स्वतःला हे कळत नाही, ऐकल्यावर लगेच कळतं. म्हणून पैसा कमी असेल तर मी प्रशिक्षणाचे दोन दिवस कापेन, ही बैठक कापणार नाही. आशाताईंच्या आधीच भरलेल्या कामांत हे फुकट ढकलणंही चूक आहे. भेटीचा आणि बैठकीचा, दोन्हींचा मोबदला हवा.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमाने हेच घरोघरी नेलं. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत मिळालेल्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तरीही बहुतेक जण बाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यात आहे.

भेटी चुकतात तेव्हा नाराजी शोधण्याआधी पंचांग आणि एसटीचं वेळापत्रक बघावं. लावणी, काजूचा हंगाम, लग्नसराई, एकच दुपारची गाडी. चुकल्यावर दुसऱ्या दिवशी फोन. फोन कुणाच्या हातात असतो आणि घरी आलेलं चालेल का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवलेलं असावं. दर आठवड्याला आरोग्य खात्याची गाडी दारात उभी राहिली तर गावात चर्चा होते.

तीन-चार भेटींनंतरही प्रश्नावलीचे गुण हलले नाहीत तर डॉक्टरांकडे परत. थायरॉइड, रक्तक्षय, दारू, घरातली मारहाण, पूर्वी कधी अति उत्साहाचा काळ येऊन गेला का, हे पाहायलाच हवं. नैराश्याची गोळी सुरू झाली तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सांगितल्याशिवाय ती थांबवायची नाही, हे समुपदेशकाने पुन्हा सांगावं. केंद्रात गोळ्या संपल्या की माणूस उपचारच सोडतो, त्यामुळे साठ्याची नोंद बघणं हाही समुपदेशनाचाच भाग धरावा.

शेवटच्या भेटीत नवीन काही शिकवू नये. वही उघडून कोणत्या ओळींनी मन हललं ते त्या व्यक्तीनेच वाचून दाखवावं, आणि एका चिठ्ठीवर तिच्याच शब्दांत लिहावं: पुन्हा बिघडायला लागलं तर आधी काय दिसेल. कुणाची पहाटे चारची जाग, कुणाचं तुळशीला पाणी घालणं थांबणं. चिठ्ठीखाली केंद्रात यायचा वार आणि भेटायच्या माणसाचं नाव.