तुम्ही विचारलंत म्हणून : फार्मसीच्या मुलांना इतिहास कशासाठी?

नोकरीच्या मुलाखतीत जो कोणी विचारत नाही, तो फार्मसीचा इतिहास शिकवून मुलांमध्ये नेतृत्व कसे येणार, असे मला पालक आणि सहकारी नेहमी विचारतात.

औषधांच्या चौकशीसाठी नेमलेली चोप्रा समिती 1930, औषध कायदा 1940, फार्मसीचे शिक्षण आणि व्यवसाय यांना नियम घालून देणारा फार्मसी कायदा 1948 ही सनावळी मुले पाठ करतात आणि पेपर संपला की विसरतात. त्यात मुलांचा दोष नाही. महादेवलाल श्रॉफ यांनी 1932 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणाचे शिक्षण सुरू केले, तेव्हा फार्मसी कायदा सोळा वर्षे दूर होता. कोणी सांगण्याची वाट न पाहता त्यांनी हे काम हाती घेतले, हे सांगितल्याशिवाय 1932 या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

मी सर्वाधिक वेळ देते तो मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील 1986 च्या घटनेला. डोळ्यांतील किंवा मेंदूतील दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होते. मूत्रपिंडे निकामी होऊन चौदा रुग्ण दगावले. हेच विष 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुसंसर्गावरील औषधातून शंभरहून अधिक जणांचा जीव घेऊन गेले होते, म्हणजे ते कोणालाच नवे नव्हते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने पुरवठादारापाशी न थांबता खरेदी, रुग्णालय प्रशासन आणि औषध नियंत्रण या सर्वांवर ठपका ठेवला. वर्गात मी कोणाला खरेदी विभाग देते, कोणाला भांडार, कोणाला प्रयोगशाळा, कोणाला वॉर्ड, आणि विचारते की ग्लिसरीनचा हा डबा तुमच्या टेबलावर आला तेव्हा तुम्ही काय पाहिलेत आणि कोणाला सांगितलेत. ‘वरून मंजुरी आली होती’ हे उत्तर दरवर्षी येते, आणि मग खरा तास सुरू होतो. मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात 2025 मध्ये त्याच विषाने खोकल्याच्या औषधातून लहान मुलांचे बळी घेतले, त्यांपैकी काहींचा मृत्यू नागपुरात उपचार चालू असताना झाला, तेव्हा हा विषय जुना झाला असे मला कोणी सांगू नये.

माझ्या लेखी फार्मासिस्टचे नेतृत्व म्हणजे योग्य क्षणी सही न करण्याची तयारी, मग समोर वरिष्ठ असोत वा घाईत असलेला मालक. गेल्या वर्षी रुग्णालयातील प्रशिक्षणाच्या वेळी एका विद्यार्थिनीने लेबलवर ‘आय. पी.’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांच्या भारतीय मानकग्रंथाची खूण) नसलेला कॅन बाजूला ठेवला आणि भांडारप्रमुखांकडे बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मागितले. ते वैतागले. ती मात्र प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तिथेच उभी राहिली.