हणजूणच्या बाजारात भेटलेलं मुंडगोडचं रान

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आलो की मी मांद्र्याला उतरतो. हॉटेलं वाढली आहेत, तरी वाळूच्या टेकड्यांवर मर्यादवेल अजून तग धरून आहे आणि शेजारच्या मोरजीला थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पण या खेपेला लिहायचंय ते हणजूणच्या बुधवारच्या बाजारात भेटलेल्या एका तिबेटी मुलीबद्दल.

चांदीच्या अंगठ्या आणि रंगीत खड्यांच्या माळा विकणारे तिबेटी गोव्यात जागोजागी दिसतात. ते हंगाम संपल्यावर कुठे जातात, हे आपण सहसा विचारत नाही. ही मुलगी शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मुंडगोडची. 1966 साली तिथे जंगलाच्या जमिनीवर तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे ना, तशीच. ती तिथली तिसरी पिढी. माळ कागदात गुंडाळून देता देता हिंदीतून सांगत होती, "आजोबांनी झाडं तोडून मका पेरला. पोटासाठी दुसरा मार्गच नव्हता. ती झाडं परत लावायचं काम आता आमचं."

तिच्या वयाच्या मुलामुलींनी गट केलाय. उतारावर चर खणायचे, पाणी मुरवायचं, जांभूळ, फणस, शिवण लावायची. पहिल्या वर्षीची रोपं शेजारच्या कानडी गावातल्या गुरांनी फस्त केली आणि प्रकरण हातघाईवर आलं. मोठी माणसं तक्रार करायला निघाली होती. या पोरांनी त्यांना थांबवलं आणि त्या गावातल्या पोरांना बोलावून घेतलं. ठरलं असं, की रोपांच्या पट्ट्यात गुरं सोडायची नाहीत, पण तिथलं गवत कापून न्यायचा हक्क गुरं असलेल्यांचा. कुंपणाचे काटे दोघांनी मिळून आणायचे. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. बाभळीच्या काट्यांच्या आळ्यात वीतभर फणस, आणि काठीला बांधलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर दोन नावं, एक तिबेटी, एक कानडी. प्रत्येक झाडाला दोन राखणदार. एकाचं पाणी चुकलं तर दुसरा त्याच्या घरी जाऊन हाक मारतो.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे, की ती जमीन त्यांची नाही. भाडेपट्ट्याची आहे. यातले बरेच जण इथेच जन्मले, तरी कागदोपत्री परदेशी. नोंदणीचं प्रमाणपत्र वेळोवेळी नवं करून घ्यावं लागतं. सातबारा नावावर असूनही बांधावरचं झाड विकणारे आपण, आणि ही पोरं उद्याची खात्री नसताना फणस लावतात!

दलाई लामांनी 1987 साली वॉशिंग्टनमध्ये मांडलेल्या पाच कलमी शांतता योजनेतलं चौथं कलम तिबेटच्या निसर्गाचं रक्षण करण्याबद्दल आणि तो पूर्ववत करण्याबद्दल होतं. तो निसर्ग या मुलीनं पाहिलेलाही नाही. पण झाड आणि शांतता एकाच यादीत असतात, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे.

असं करणारी ती एकटी नाही. 2017 मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात आले, तेव्हा तिथली कुतुपालोंगची छावणी वाढत हत्तींच्या जुन्या वाटेवरच पसरली. माणसं चिरडली गेली, सरपणासाठी डोंगर बोडके झाले. मग निर्वासितांमधल्याच स्वयंसेवकांनी प्रशिक्षण घेतलं. मचाणांवर रात्र जागवायची आणि हत्ती आला की त्याला इजा न करता रानाकडे वळवायचं. पुढे स्वयंपाकाला गॅस आला, सरपणाची तोड कमी झाली आणि उतारांवर पुन्हा झाडं-गवत लावलं गेलं. छावणीतली माणसं म्हणजे नुसती रांगेत उभी राहणारी, ही आपली समजूत आता सोडायला हवी.

रात्री मांद्र्याच्या काकूंना हे सगळं सांगितलं. "भायले येऊन गोवा संपला" असं त्या बाहेरून आलेल्यांबद्दल नेहमी म्हणतात, आणि तो राग खोटा नाही. पण हे त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं. म्हणाल्या, "आठळ्या सुकल्या की रुजत नाहीत रे. मे महिन्यात ये, ताज्या काढून देते. कापा पण देते, रसाळ पण."

मुलीला फोन केला. रोपांसाठी मातीच्या पिशव्या भरून ठेवते म्हणाली. पाऊस सुरू व्हायच्या आत पोचायला हवं. कारवार, यल्लापूर, तिथून मुंडगोड.