साखळीहून रुडकी: एमएससीचं ठरवताना

गोव्यातल्या साखळीला आमच्या अंगणात पाच वर्षं एक टिप्पर उभा होता. बाबांनी कर्ज काढून लोहखनिजाच्या वाहतुकीसाठी घेतलेला. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी बंद केल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मधे थोडा काळ चाकं परत फिरली. मग २०१८ साली न्यायालयाने खाणींची ८८ लिझेस, म्हणजे भाडेपट्टे, रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून आमच्या रस्त्यावरचा लाल धुरळा खाली बसला. टिप्परच्या हौद्यात पावसाचं पाणी साचायचं, मागच्या चाकांच्या आड कोंबड्या अंडी घालायच्या आणि आई सकाळी उठून आधी तिथेच हात घालायची. शेवटी भंगारवाल्याने तो किलोच्या भावाने नेला. बाबा त्या दिवशी मुद्दाम डिचोलीला गेले होते.

अशा घरातल्या मुलीने बीएस्सीला जिऑलॉजी, म्हणजे भूशास्त्र, घेतली, म्हणून गावात बरंच हसून झालं. "खाणी बंद पडल्यावर खाणीचं शिक्षण!" हे वाक्य मी चतुर्थीला निदान चार घरांत ऐकलं. मला खरं तर खाणीचं काही पडलं नव्हतं. पहिल्या वर्षी सरांनी आम्हांला दोना पावलाच्या कड्याखाली नेलं. जिथे लोक फोटो काढतात तिथेच त्यांनी ग्रेवॅक या वाळूच्या जुन्या खडकाचे थर दाखवले, आणि मी तिथे अडकले. पुढे अनमोडच्या घाटात नाइस या पट्ट्यापट्ट्यांच्या खडकावर हात ठेवून ते म्हणाले, हा साधारण ३४० कोटी वर्षांचा आहे. तो दगड मी लहानपणापासून बेळगावच्या बसमधून बघत आले होते!

शेवटच्या वर्षाला मात्र विषय आवडतो एवढ्यावर भागेना. समोर चार वाटा होत्या आणि प्रत्येक वाटेवर कोणीतरी नातेवाईक उभा होता.

पहिली म्हणजे नोकरी. २०२२ च्या डिसेंबरात खाण ब्लॉकांचा पहिला लिलाव झाला होता, खाणी परत सुरू होण्याची हवा होती, आणि बाबांच्या ओळखीच्या एका ठेकेदाराने विचारलं, पोरीला खाणीवर सॅम्पलिंगला लावता काय? महिना अठरा हजार, घरून डबा. दुसरी, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एमएससी. जीयू-आर्ट ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि रोज साखळी-पणजी बस धरायची. तिसरी, जॅम ही एमएससीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन एखाद्या आयआयटीत जायचं. चौथी वाट मावसभावाने सुचवली. तो पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे.

चौथीचा निकाल सगळ्यांत आधी लागला. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, त्यामुळे आमच्या आजोबांच्या जन्मदाखल्यावर घरात अधूनमधून चर्चा होतेच. पण भाऊ गेला तो ब्रेक्झिटच्या आधी. २०२१ पासून त्या पासपोर्टवर नुसतं तिकीट काढून ब्रिटनला कामाला जाता येत नाही, आणि तो घेतला की भारताचं नागरिकत्व जातं, म्हणजे यूपीएससीचं दारही बंद. गोदामात खोकी उचलण्यात कमीपणा आहे असं नाही. भावाने त्याच पैशावर घराला स्लॅब घातला. पण मला ते नको होतं, आणि "नको" म्हणायला एवढं कारण पुरेसं आहे हे कळायला मला दोन महिने लागले.

नोकरीचं प्रकरण अवघड होतं, कारण घरात पैसा हवा होता. आई काही बोलत नव्हती, आणि तिचं न बोलणं जास्त जड जायचं. मी ठरवलं की खाणीवर जायच्या आधी निदान नियम तरी वाचावेत. केंद्राची २०१७ ची खनिज संवर्धन आणि विकास नियमावली इंटरनेटवर फुकट मिळते. कंटाळवाणी आहे, झोप येते, पण त्यातला ५५ वा नियम मी तीनदा वाचला. खाणीवर भूशास्त्रज्ञ म्हणून ठेवायचा माणूस भूशास्त्रातला पदव्युत्तर पदवीधर हवा, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे बीएस्सीवर मी दहा वर्षं पिशव्यांत सॅम्पल भरत राहिले असते आणि सही कुणा दुसऱ्याची झाली असती. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं तेच. भूशास्त्रज्ञ व्हायला यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, आणि तिलाही पदव्युत्तर पदवी लागते. वय २१ ते ३२.

आणखी एक कलम सापडलं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. १९५२ च्या खाण कायद्याच्या ४६ व्या कलमाप्रमाणे बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम नव्हतं, आणि वरच्या खाणीतही सकाळी सहा ते संध्याकाळी सातपर्यंतच होतं. २०१९ साली सरकारने यात सूट दिली, आता लेखी संमती घेऊन रात्रपाळीलाही ठेवता येतं. मी हे जेवताना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "म्हणजे तू वर्गात पहिली आलीस तरी सातच्या आत घरात, असा कायदाच होता की!" आणि आई पहिल्यांदा हसली.

तर एमएससी करायची, हे त्या नियमावलीने ठरवलं. माझ्या जिद्दीबिद्दीचा त्यात फारसा हात नाही. आता प्रश्न उरला कुठे करायची एवढाच, आणि तिथे कुठलाही नियम मदतीला येईना, कारण पदवी ताळगावची असो की आयआयटीची, ५५ व्या नियमाला दोन्ही सारख्याच.

मी एक शहाणपणा केला. विद्यापीठात जाऊन एक अख्खा दिवस काढला. कॅन्टीनमध्ये एमएससीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका ताईला गाठलं. विभाग कसा आहे असं विचारलं असतं तर "चांगला आहे" एवढंच ऐकून परत आले असते. म्हणून विचारलं, काल दिवसभरात काय केलंस? तिने सांगितलं: सकाळी थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे दगडाचे पातळ काप, मग एका खडकाचं नाव लावण्यावरून वाद, दुपारी सरांबरोबर गाळाचे नमुने. समुद्रातल्या गाळाचं काम करायचं असेल तर डोंगर उतरला की राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, याहून बरी जागा शोधून सापडणार नाही. हे सगळं मला आवडलं. मग तिने चहा संपवता संपवता विचारलं, "पण तुला करायचंय काय? लोखंडच ना?"

मला उत्तर देता येईना. परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून मी त्यावरच विचार करत राहिले. आमच्या घरचं सगळं एका खनिजावर टांगलेलं होतं. ते थांबलं की आम्ही थांबलो. मी पुन्हा तेच शिकून त्याच रस्त्यावर उभी राहणार होते काय? भूशास्त्रात लोखंडापलीकडे भूजल आहे, दरडी आहेत, बोगदे आणि धरणं आहेत. आणि ही कामं जिथे रोजची आहेत तो मुलूख उत्तरेला आहे. त्या रात्री मी जॅमच्या पसंतीक्रमात मुंबईच्या खाली रुडकी घातली, तिच्याखाली धनबाद. रुडकीला भूविज्ञानाबरोबर जलविज्ञान आणि भूकंप अभियांत्रिकीचे स्वतंत्र विभाग आहेत, हे मला ओढून घेणारं कारण होतं. मुंबई वर ठेवली ती निव्वळ मांडवी एक्सप्रेससाठी. सकाळी मुंबईला बसलं की संध्याकाळी थिवीला उतरून घरी, असा हिशेब.

अभ्यासाबद्दल फार सांगत नाही. साठ प्रश्न, शंभर गुण, तीन तास. पहिल्या भागात चुकलं की गुण कापतात, पुढच्या दोन भागांत कापत नाहीत. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, दुसरा मंत्र नाही. परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाली.

खरी परीक्षा प्रवेशाच्या पोर्टलवर होती. पहिल्या फेरीत धनबाद मिळालं. पडद्यावर तीन पर्याय: ॲक्सेप्ट अँड फ्रीझ, ॲक्सेप्ट विथ अपग्रेड, रिजेक्ट अँड क्विट. अपग्रेड निवडलं की वरची जागा आपोआप मिळते आणि आधीची हातातून सुटते, मागे फिरता येत नाही. मी अपग्रेडवर बोट ठेवून घरच्यांना हाका मारल्या. आजीने विचारलं, "हे लग्नासारखंच काय गो?" दुसऱ्या फेरीत रुडकी आली. तिसरीत काहीच हललं नाही. मुंबई नाहीच आली. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही झालं. मुंबई मिळाली असती तर दर पंधरा दिवसांनी मी घरी आले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मग कागद. पैशांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना होती. तिच्यासाठी रहिवासी दाखला, मामलेदार कार्यालय, जामीन, फेऱ्या. तिथे कळलं की माझ्या आधारवर आडनावात इंग्रजी 'ए' एक आहे आणि गुणपत्रिकेवर दोन. ही चूक कोणाची ते सोडा, पण एका 'ए'साठी मी डिचोलीला तीनदा गेले. पहिल्या दिवशी नोटरी नव्हता, दुसऱ्या दिवशी स्टॅम्प पेपर संपलेले, तिसऱ्या दिवशी दोन्ही होते आणि वीज गेली. जून महिना, छत्री उलटी होईल असा पाऊस, आणि मी छातीशी प्लास्टिकची पिशवी धरून झेरॉक्सच्या दुकानात उभी. कोणी विचारलंच तर माझा एकच सल्ला: नावाचं स्पेलिंग बारावीलाच सगळीकडे एक करून घ्या. बाकीच्या गोष्टी नंतरही निभावतात.

सगळं हातात आल्यावर माझाच धीर सुटला. निघायच्या आठ दिवस आधी मी बाबांना म्हटलं, नको, ताळगावलाच जाते. ते ओट्यावर बसून जाळं दुरुस्त करत होते, हल्ली नदीवर जातात. वर न बघता म्हणाले, "तुला तिथलं आवडलं नाही तर परत ये. पण मला आवडेल म्हणून थांबू नकोस. मी बँकवाल्याला आवडेल म्हणून दुसरी गाडी घेणार होतो, २०११ ला." ही दुसऱ्या गाडीची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. मग सुई दातांत धरून म्हणाले, "वच गो बाय." जा गं पोरी.

मडगावहून गोवा एक्सप्रेस धरली. दूधसागर भरून वाहत होता आणि सगळा डबा त्या बाजूच्या खिडक्यांवर लोटला. मी उलट्या बाजूला बसून कापलेल्या डोंगराचा दगड बघत होते. निजामुद्दीनला उतरून दिल्लीहून पुढची गाडी. रुडकीत पहिला आठवडा मी जेवणावरून रडले. पोळी, डाळ, पोळी, डाळ. आईने दिलेल्या सुक्या बांगड्याचा डबा उघडला तेव्हा रूममेट खोलीबाहेर गेली ती तासाभराने आली. थंडीबद्दल तर बोलायलाच नको. पण पहिल्या फील्डला हिमालयातली वळी बघितली. पान दुमडावं तसा डोंगर दुमडलेला होता आणि मी वहीत काही लिहू शकले नाही.

आता दुसरं वर्ष चालू आहे. जिओ-सायंटिस्टचा अभ्यास सुरू आहे, सोबत गेट या परीक्षेचाही. होईल की नाही, बघू. परवा बाबांचा फोन आला होता, आपल्या रस्त्यावरून परत टिप्पर धावू लागलेत म्हणून. जरा वेळ थांबून त्यांनी विचारलं, तुझ्या हॉस्टेलच्या खाली कुठला दगड लागतो?

मी म्हटलं, बाबा, इथे दगडच नाही. गंगेचा नि सोलानीचा गाळ आहे, खोल, खूप खोल.

"दगडच नाही?" ते म्हणाले. "मग दोन वर्षं शिकतेस तरी काय?"